पेंट रिमूव्हरने सुरीचं पोलाद खराब होतं का? धंदा सुरू करण्याआधी एवढं समजून घ्या



जुन्या सुऱ्या, कोयते, विळे, कुऱ्हाडी घ्यायच्या, त्यांचा जुना रंग काढायचा, धार लावायची, नवी मूठ बसवायची आणि विकायच्या. कमी भांडवलात घरून सुरू होणारा हा धंदा आहे. हॉटेलवाले, खाटीक, कॅटरिंगवाले, शेतकरी, नर्सरीवाले असं गिऱ्हाईक प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतं. आपल्या व्हिडिओत मी दुकानाची मांडणी आणि दर कसा ठरवायचा हे सांगितलं. पण एक प्रश्न असा आहे की तो व्हिडिओत दोन मिनिटांत उरकता येत नाही, म्हणून आज लिहून देतो.

प्रश्न असा: पात्यावरचा रंग काढायला रंगाच्या दुकानातला पेंट रिमूव्हर लावला, तर सुरीचं पोलाद कमजोर होतं का? धार टिकत नाही का?

आधी सरळ उत्तर देतो. रंग विरघळवणारा साधा रिमूव्हर पोलादाच्या कडकपणाला हात लावत नाही. सुरी खराब होते ती चुकीच्या प्रकारचा रिमूव्हर घेतल्याने, रंग काढल्यानंतरच्या एका तासात दाखवलेल्या आळसाने, किंवा "रिमूव्हर नको, हीट गनने काढू" या हुशारीने. आणि काही रिमूव्हर सुरीला काही करत नाहीत, पण माणसाचा जीव घेऊ शकतात.

आता हे एकेक करून बघू. कारण गिऱ्हाईक तुमच्याकडे त्याची वस्तू विश्वासाने देतं, आणि हा विश्वास एकदा गेला की गावात परत मिळत नाही.

## सुरीची ताकद नेमकी कशात असते?

लोहार काय म्हणतो? "पात्याला पाणी दिलंय." म्हणजे पोलाद लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात झटकन थंड केलं. त्याने पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून ते परत थोडं तापवतात. सुरीच्या बाबतीत हे दुसरं तापवणं साधारण १७५ ते २३० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. याला टेम्परिंग म्हणतात. कडकपणा आणि चिवटपणा यांचा समतोल इथे बसतो. चांगल्या सुरीचा कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण ५४ ते ६२ असतो.

हा कडकपणा पोलादाच्या आतल्या रचनेत असतो, वरच्या कातडीत नसतो. ती रचना बदलायची असेल तर उष्णता लागते. नुसतं एखादं द्रव लावून ती बदलत नाही. म्हणून रंग विरघळवणारं रसायन पात्यावर अर्धा तास राहिलं तरी पात्याचं पाणी उतरत नाही.

उलट हीट गन बघा. बाजारातल्या बऱ्याच हीट गन ५०० ते ६०० अंशांपर्यंत गरम हवा फेकतात. पातं धारेकडे पातळ असतं, त्यामुळे तिथे उष्णता सगळ्यात लवकर चढते. उघड्या पोलादावर गवती पिवळा रंग दिसला की समजा २२० अंशांच्या आसपास गेलो, आणि निळा दिसला की ३०० च्या आसपास. निळी झालेली धार म्हणजे पाणी उतरलेली धार. ती परत कितीही घासली तरी टिकणार नाही. अँगल ग्राइंडरला वायर ब्रश लावून एकाच जागी दाबून धरला तरी हाच धोका असतो. आणि वर रंग असेल तर खालचं पोलाद निळं झालेलं तुम्हाला दिसतही नाही.

म्हणजे गंमत बघा. लोक रसायनाला घाबरून उष्णतेकडे जातात, आणि पोलादाचं खरं नुकसान उष्णताच करते.

## रिमूव्हर काम कसं करतो?

रंग म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच्या जातीचा थर. रिमूव्हरचे बारीक रेणू त्या थरात शिरतात, थर फुगतो, सुरकुततो आणि धातूवरची पकड सोडतो. नंतर तो पापुद्र्यासारखा खरवडून निघतो. धातूमध्ये असं शिरायला त्या रेणूंना जागाच नसते. त्यामुळे पोलाद जसंच्या तसं राहतं.

पण "पेंट रिमूव्हर" हे एका वस्तूचं नाव नाही. वेगवेगळ्या डब्यांत वेगवेगळी रसायनं असतात, आणि सुरीवर प्रत्येकाचा परिणाम वेगळा होतो. दुकानदाराला नुसतं "रंग काढायचं द्या" म्हणू नका. डब्याचं लेबल वाचा, आणि कंपनीकडून सेफ्टी डेटा शीट मागून घ्या. त्यात घटक लिहिलेले असतात.

## डब्यात काय आहे? चार प्रकार ओळखा

१. मिथिलिन क्लोराइडवाले. याचीच दुसरी नावं डायक्लोरोमिथेन, डीसीएम, आणि आपल्या केमिकल बाजारातलं नाव एमडीसी. ओळख क्रमांक ७५-०९-२. हे सगळ्यात जलद काम करतं. काही मिनिटांत रंग सुरकुततो, पावडर कोटिंगसुद्धा उचलतं. पोलादाचा कडकपणा, धार, वजन यात फरक पडत नाही. एकच गोष्ट सांभाळायची: यात क्लोरीन असतं. रसायन आणि ओलावा एकत्र बराच काळ पात्यावर राहिला तर थोडं आम्ल तयार होऊ शकतं, आणि त्याने बारीक खड्डे पडतात. म्हणून लावून रात्रभर विसरायचं नाही. पण या प्रकाराचा खरा प्रश्न पोलादाचा नाही, माणसाच्या फुफ्फुसाचा आहे. त्यावर खाली वेगळं लिहितो.

२. बेंझिल अल्कोहोलवाले जेल. हे हळू काम करतात, कधी कधी काही तास घेतात. वास कमी, उडून जाणं कमी. साध्या प्रकारात पोलादाला धोका नाही. पण यातल्या काही जाती "ॲसिड ॲक्टिव्हेटेड" असतात, म्हणजे जोर वाढवायला फॉर्मिक ॲसिड घातलेलं असतं. तो डबा सुरीसाठी घेऊ नका. कारण लगेच पुढे सांगतो. काही जातींत अमोनिया असतो. तो पोलादाला चालतो, पण पितळी रिव्हेट असतील तर पितळ काळं पडतं आणि त्याला चिरा जाण्याचीही भीती असते.

३. कॉस्टिक सोडा. जुन्या ऑइल पेंटवर, म्हणजे इनॅमलवर, हा मस्त चालतो. त्या रंगातल्या तेलाचा तो साबण करतो, आणि रंग मऊ पडतो. साध्या तापमानाला कॉस्टिकचं पाणी पोलादाला खात नाही. पण ॲल्युमिनियम आणि जस्ताला जोरात खातं आणि हायड्रोजन वायू सोडतं. मूठ किंवा टोपी ॲल्युमिनियमची असेल तर हा प्रकार बाद. लाकडी मूठ काळी पडते आणि तिचे तंतू सुटतात. आणि कॉस्टिक उकळायचा नाही. उकळता कॉस्टिक अंगावर उडाला तर कातडी आणि डोळा दोन्ही जातात.

४. आम्लवाले. फॉर्मिक ॲसिडवाला रिमूव्हर, संडास साफ करायचं ॲसिड, म्युरिॲटिक ॲसिड, आणि रंगाच्या दुकानात शेजारीच ठेवलेला रस्ट रिमूव्हर. शेवटच्या तीन गोष्टी रंग काढायच्या नाहीतच, पण लोक वापरतात. सुरीसाठी हा पूर्ण गट टाळा.

## आम्ल सुरीला काय करतं?

लोखंडावर आम्ल पडलं की दोन गोष्टी होतात. पहिली डोळ्यांना दिसते: पृष्ठभाग करडा पडतो, खरखरीत होतो, धारेचा बारीक काठ खाल्ला जातो. तेवढं पॉलिश पेपर मारून आणि परत धार लावून निस्तरता येतं.

दुसरी गोष्ट दिसत नाही. आम्ल आणि लोखंड यांच्यात हायड्रोजन तयार होतो. त्यातला बराच बुडबुड्यांनी उडून जातो, पण थोडा अणूंच्या रूपात पोलादात शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं विशेष काही वाटत नाही. कडक केलेल्या पोलादाला मात्र तो ठिसूळ करतो. याला हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट म्हणतात. रॉकवेल ४० च्या आसपास आणि त्यावरच्या पोलादांना हा धोका जास्त असतो, आणि सुरी त्याच्या बरीच वर असते. विमान उद्योगात कडक पोलादाच्या भागांवर वापरायच्या रिमूव्हरची याच कारणासाठी वेगळी चाचणी घेतात. प्लेटिंगवाले कारखाने कडक पोलाद आम्लात बुडवल्यानंतर ते काही तास भट्टीत ठेवतात, म्हणजे आत शिरलेला हायड्रोजन बाहेर पडतो.

तुमच्या कामात याचा अर्थ काय? आम्लात जास्त वेळ राहिलेली सुरी दिसायला स्वच्छ दिसेल. पण गिऱ्हाईकाने हाडावर घाव घातला की धारेचा कपचा उडू शकतो. आणि तो कपचा कोणाच्या ताटात गेला तर जबाबदारी कोणाची?

अजून एक व्यवहारातली गोष्ट. संडासाच्या ॲसिडची वाफ सुद्धा गंज आणते. बंद खोलीत त्याची बाटली उघडी राहिली, तर त्या खोलीतली बाकीची हत्यारं, कानशी, वायस, सगळ्यांवर लाल थर येतो. एका सुरीचा रंग काढताना अख्ख्या वर्कशॉपला गंज लागतो.

## सगळ्यात जास्त सुऱ्या कुठे खराब होतात?

रंग निघाल्यानंतर.

विचार करा, कंपनीने पात्यावर रंग किंवा कोटिंग का दिलं होतं? गंज लागू नये म्हणून. परदेशात १०९५ नावाच्या पोलादाच्या सुऱ्या बनतात. त्यात साधारण एक टक्का कार्बन असतो आणि क्रोमियम जवळपास नसतंच. म्हणून त्यांच्यावर जाड पावडर कोटिंग येतं. आपल्याकडे लोहार गाडीच्या कमानपट्ट्यापासून कोयता बनवतो. तेही कार्बन पोलादच, म्हणून त्यालाही रंग मारतात. तुम्ही रंग काढला म्हणजे रेनकोट काढला.

आता त्या नागड्या पोलादावर पाणी मारलं आणि "वाळेल" म्हणून ठेवून दिलं. रिमूव्हरने तेलाचा शेवटचा थेंबही काढून टाकलेला असतो, त्यामुळे पोलाद एकदम उघडं असतं. कोकणात किंवा पावसाळ्यात कुठेही, तासाभरात नारिंगी झाक येते. दुसऱ्या दिवशी ठिपके. आठवड्याने खड्डे. मग गिऱ्हाईक म्हणतं, "केमिकलने माझी सुरी खाल्ली." केमिकलने काही केलेलं नसतं. पाण्याने केलं, आणि आपण करू दिलं.

स्टेनलेसचं थोडं वेगळं आहे. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि त्याचा न दिसणारा थर सुरीला वाचवतो. पण क्लोरीनच्या जातीचे क्षार तो थर फोडतात. म्हणून स्टेनलेसवरही रिमूव्हरचा गाळ साठू द्यायचा नाही. आणि स्टेनलेस घासायला साधा लोखंडी काथ्या वापरायचा नाही. त्याचे बारीक कण पात्यात अडकतात आणि तेच गंजतात. हिरवी नायलॉनची घासणी वापरा.

दुसरी लपलेली जागा म्हणजे मूठ. रिमूव्हर पातळ असतो, तो मूठ आणि पातं यांच्या फटीतून आत शिरतो. मुठीच्या आतला पात्याचा भाग तुम्हाला धुताही येत नाही आणि पुसताही येत नाही. तिथे ओल राहते, आतून गंज चढतो, इपॉक्सीने चिकटवलेली मूठ सुटते. प्लॅस्टिकच्या बऱ्याच मुठी मिथिलिन क्लोराइडने विरघळतात. लाकडी मूठ रसायन पिऊन ठेवते. स्वयंपाकाच्या सुरीला अशी मूठ परत देणं योग्य नाही, ती बदलाच.

## आता जिवाची गोष्ट

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मिथिलिन क्लोराइड साधारण ४० अंशांना उकळतं. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात नुसती हवाच त्यापेक्षा गरम असते. उन्हात ठेवलेल्या डब्याचं झाकण उघडलं की रसायन फुर्रकन तोंडावर येऊ शकतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती खाली, कोपऱ्यात, मोरीत साठते. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर माणसं मरतात तोच वायू. आणि वास जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडून गेलेली असते, त्यामुळे नाकावर विसंबता येत नाही.

अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बाथटबचा जुना रंग काढणारे किमान १३ कारागीर या रसायनाने मेले. ते कारखान्यात नव्हते. घरांच्या लहान बाथरूममध्ये, खाली वाकून काम करत होते. तुमच्या-माझ्यासारखी छोटं काम करणारी माणसं. नंतर तिथल्या पर्यावरण संस्थेने २०१९ मध्ये घरगुती गिऱ्हाईकांना असे रिमूव्हर विकायला बंदी केली, आणि २०२४ मध्ये व्यावसायिक वापरावरही बहुतेक ठिकाणी बंदी आणली. युरोपने त्याच्याही आधी निर्बंध घातले होते.

"मी हातमोजे घालतो, मास्क लावतो" असं म्हणाल, तर ऐका. साधे नायट्राइलचे हातमोजे या रसायनाला काही मिनिटंच थोपवतात. कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क यासाठी भरवशाचा नाही. कारखान्यात त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी व्यवस्था लागते. ती आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये नसते.

म्हणून माझा सरळ सल्ला: नवीन उद्योजकाने मिथिलिन क्लोराइडवाला रिमूव्हर घेऊच नका. काम अर्ध्या तासाऐवजी चार तासांत होईल. होऊ द्या. एनएमपी नावाचा घटक असलेले रिमूव्हरही टाळा, पोटातल्या बाळाला त्याने अपाय होऊ शकतो. आपल्या घरगुती उद्योगात बायका-मुली काम करतात, हे विसरू नका.

जुन्या रंगाचीही एक बाजू आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम २०१६ मध्ये आला, आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्याकडे येणारा कोयता त्याआधीचा असू शकतो, आणि त्यावरचा रंग या नियमात न येणारा औद्योगिक रंगही असू शकतो. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवायची नाही. इथे ओली पद्धत खरंच चांगली.

## कामाची पद्धत: एकेक पायरी

पायरी १: थर ओळखा. कोपऱ्यात, मुठीजवळ, थिनरचा एक थेंब कापसाने पाच मिनिटं धरा. रंग चिकट झाला तर साधा एनसी पेंट किंवा लॅकर, थिनरनेच काम होईल. काही झालं नाही तर इनॅमल, इपॉक्सी किंवा पावडर कोटिंग समजा. नॉनस्टिक थर, किंवा टायटॅनियमसारखे सोनेरी-काळे कडक थर, हे कुठल्याच रिमूव्हरने निघत नाहीत. ते काम घेऊ नका, सरळ नाही म्हणा.

पायरी २: धार झाका आणि मूठ वेगळी करा. मूठ निघत असेल तर काढा. निघत नसेल तर पातं खाली लटकवून, मुठीपासून दोन बोटं अंतर सोडून काम करा. तो उरलेला भाग हाताने पॉलिश पेपरने, ओला करून घासा.

पायरी ३: रसायन निवडा. पूर्ण लोखंडी वस्तूवर जुनं इनॅमल असेल तर कॉस्टिक. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम पुरे. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. प्लॅस्टिकची बादली, रबरी हातमोजे, डोळ्यांना बंद गॉगल. चष्मा म्हणजे गॉगल नाही. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून शेजारी वाहत्या पाण्याचा नळ हवाच. बाकी रंगांना आम्ल नसलेलं बेंझिल अल्कोहोलचं जेल, उघड्या हवेत. जेल लावून वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, म्हणजे ते वाळत नाही.

पायरी ४: खरवडा. प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड. लोखंडी पट्टीने ओरखडे पडतात, आणि ते काढायला तुमचाच वेळ जातो.

पायरी ५: धुवा आणि लगेच वाळवा. साबणाच्या पाण्याने धुवा. कॉस्टिकचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा. मग फडक्याने पुसा, केस वाळवायच्या ड्रायरने कोरडं करा. धुणं आणि वाळवणं यांच्यात चहा प्यायचा नाही, फोन घ्यायचा नाही.

पायरी ६: तेल. स्वयंपाकाच्या सुरीला मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन. ते खवट होत नाही. शेतीच्या हत्याराला साधं मशीन ऑइल चालेल.

पायरी ७: तपासा. चांगली कानस धारेजवळ हलकेच फिरवा. घसरली तर पाणी शाबूत आहे. सहज खात गेली तर पातं मऊ आहे. हे काम घेतानाही करा आणि देतानाही करा. आधीच मऊ असलेलं पातं तुमच्या माथी बसणार नाही.

उरलेला गाळ गटारात टाकू नका. झाकणाच्या डब्यात वेगळा साठवा. आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची प्रक्रिया केंद्रं आहेत. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पेंट शॉपचा माल तिकडे जातो का, विचारा. त्यांच्याबरोबर तुमचा डबाही कायदेशीर मार्गाने पाठवता येतो का बघा.

## हिशेब बघू

आकडे उदाहरणासाठी आहेत, तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

समजा एका सुरीचा रंग काढायचे तुम्ही ८० रुपये घेता. रसायन १२ रुपये. पॉलिश पेपर ८. तेल आणि कागद ५. तुमचा हाताचा वेळ १५ मिनिटं, तासाला १०० रुपये धरले तर २५. एकूण खर्च ५० रुपये. एका सुरीमागे ३० रुपये सुटतात. वीस सुऱ्यांमागे ६०० रुपये.

आता त्या विसातली एकच सुरी गंजली किंवा तिचं पाणी उतरलं, आणि गिऱ्हाईकाला ७०० रुपयांची नवी द्यावी लागली. वीस सुऱ्यांचा नफा गेला, वर १०० रुपये खिशातून. म्हणून म्हणतो, कानशीची एक मिनिटाची तपासणी आणि ड्रायरची दोन मिनिटं, हाच तुमचा नफा आहे. स्वस्त ॲसिड आणून वाचवलेले दहा रुपये म्हणजे नफा नाही.

## गिऱ्हाईकाला आधीच काय सांगायचं?

तीन गोष्टी, काम घेतानाच, शक्य तर पावतीवर लिहून.

एक: "दादा, रंग काढला की पातं आतून खडबडीत किंवा डागाळलेलं निघू शकतं." रंगाखालचं पोलाद कंपनी बऱ्याचदा चमकवत नाही. चकाकी हवी असेल तर पॉलिशचे पैसे वेगळे.

दोन: "ताई, हे स्टेनलेस नाही. वापरून झाली की पुसून तेलाचं बोट फिरवा." कार्बन पोलादावर कांदा-लिंबाने राखाडी झाक येते. ती गंज नाही, तिला घाबरायचं कारण नाही. लाल दिसलं तर मात्र घासायचं.

तीन: परत पावडर कोटिंग हवं असेल तर भट्टीचं तापमान विचारून घ्या. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० अंशांना पक्कं होतं. कमी तापमानाला टेम्पर केलेल्या पात्याचा कडकपणा तिथे थोडा उतरू शकतो. सुरीला तेलच बरं, कोयत्याच्या पाठीला ब्रशने मारायचा साधा रंग बरा.

हे तीन मुद्दे सांगणारा माणूस गिऱ्हाईकाला कारागीर वाटतो. न सांगणारा नंतर कारणं देत बसतो.

## थोडक्यात लक्षात ठेवा

- रंग विरघळवणारं रसायन पोलाद मऊ करत नाही, उष्णता करते.
- आम्ल कडक पोलादाला ठिसूळ करू शकतं, म्हणून सुरीला आम्ल नाही.
- रंग निघाल्यावरचा पहिला तास गंजाचा असतो. धुवा, वाळवा, तेल लावा.
- जे रसायन सुरीला काही करत नाही, ते तुम्हालाही काही करणार नाही असं समजू नका.

उद्या भंगारवाल्याकडून २०-३० रुपयांची एखादी रंगवलेली जुनी सुरी आणा. पूर्ण पद्धत तिच्यावर करा, वेळ घड्याळात मोजा, खर्च वहीत लिहा. मग आठ दिवस ती स्वतःच्या स्वयंपाकघरात वापरा. तिच्यावर ठिपका आला नाही आणि धार टिकली, की मगच गिऱ्हाईकाची पहिली सुरी हातात घ्या.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!